पायरीवरचे तीन दिवस

अक्काला अक्षरओळख नव्हती, पण पुस्तकातला वीर कधी जेवला आणि कधी उपाशी राहिला, हे तिला लिहिणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असे. मी वाचत असायचो आणि ती विड्या वळत असायची. वीर पहाटे घोड्यावर बसला, दिवसभर दौडला, तिन्हीसांजेला गडाच्या पायथ्याशी पोचला आणि तलवार उपसून आत घुसला, की अक्काचे हात थांबायचे.

"सकाळपासनं काय खाल्लं त्यानं?"

"लिहिलेलं नाही."

"मागं बघ की रा. वाचायचं राहिलं असंल तुझं."

मी मागची दोन पानं उलटायचो. काही राहिलेलं नसायचं. "मग चक्कर येऊन पडंल ते," असं म्हणून अक्का विडीचं पुढचं पान कातरीने कापायला घ्यायची. त्यानंतर त्या वीराने गड जिंकला तरी तिच्या लेखी तो जिंकलेला नसे. घोड्याच्या दाणापाण्याची चौकशी ती वेगळी करायची.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच मागे पडला होता. सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या गल्लीत, जिथे मराठीतही 'रे'च्या जागी 'रा' येई, मी मामाकडे राहत होतो. मामा सूत रंगवायच्या कारखान्यात होता आणि मीही पहाटेपासून दहापर्यंत तिथेच असायचो. अकरा ते पाच शाळा. वर्ष अकरावीचं, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकचं. शाळा सुटली की मी तीन घरं सोडून अक्काच्या ओट्यावर जायचो. मांडीवर सूप, सुपात तेंदूची भिजवलेली पानं आणि तंबाखू, असं घेऊन अक्का आणि शेजारची लक्षम्मा तिथे बसलेल्या असत. दोघी विधवा. अक्काला मूलबाळ नव्हतं. लक्षम्माला होतं, पण ते भिवंडीला होतं, म्हणजे जवळजवळ नव्हतंच.

वाचनाचा करार मीच केला होता. रोज वीस पानं वाचायची आणि त्याबद्दल दोन भाकरी, वर शेंगाची चटणी. अक्का एका भाकरीपासून सुरू झाली होती. मी म्हणालो, एका भाकरीत दहाच पानं होतील आणि ती गोष्टीतली कुठली दहा, ते मी ठरवीन. तिने दुसरी भाकरी कबूल केली आणि चटणीवरचं तेल कापलं. माझ्या आयुष्यातला हा पहिला सौदा. मी त्यात फसलो नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं.

आरोग्याबद्दल अक्काची मतं पक्की होती आणि ती कोणी विचारावी लागत नसत. ओल्या केसांनी झोपलं की डोकं बिघडतं. उभ्याने पाणी प्यायलं की गुडघे जातात. चष्मा लावणाऱ्या माणसाचे डोळे चष्म्यानेच बिघडलेले असतात. तंबाखू चाळताना ती नाकाला पदर बांधायची आणि लक्षम्मालाही बांधायला लावायची. तरी खोकला दोघींनाही होता. "विड्या कारखान्यात द्यायच्या, खोकला घरात ठेवायचा," असं ती म्हणायची. यात तक्रारीचा सूर नसे. अशी वाटणी आहे, एवढंच तिला सांगायचं असे.

गावांबद्दल आणि जातींबद्दलही तिची मतं होती. मी अक्कलकोटकडचा, म्हणजे कानडी मुलखातला. तिकडची माणसं पाय न धुता घरात येतात, असं तिचं ठाम म्हणणं होतं. मी दोन वर्षं रोज पाय धुऊन ओट्यावर चढलो, तरी ते बदललं नाही. "तू धुतंस. बाकीचे न्हाई धुत," असं म्हणून ती मोकळी व्हायची. माझंही तिच्याबद्दल एक मत होतं. जिला वाचता येत नाही, तिच्या डोक्यात ऐकलेलं फार काळ टिकत नसणार, असं मी धरून चाललो होतो.

वाचनालयातलं पुस्तक संपलं आणि नवीन मिळालं नाही, की मी हाताला लागेल ते वाचायचो. शेंगदाणे बांधून आलेला कागद, जुनं पंचांग, एकदा तर कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका दोनदा. एका संध्याकाळी आरोग्य खात्याचं पत्रक वाचलं. ते महारोगाबद्दल होतं. मी ते शाळेत प्रार्थना म्हणतात तसं म्हणून टाकलं आणि भाकऱ्या खाऊन घरी गेलो. त्यात काय लिहिलं होतं, हे मला दारापर्यंतसुद्धा आठवत नव्हतं. अक्काने तो कागद घडी करून देवाच्या फोटोमागे ठेवला. तिला कुठलाही कागद फेकवत नसे.

आता माझ्या हातांबद्दल सांगायला हवं. रंगाच्या कारखान्यातल्या माणसाचे हात कोपरापर्यंत कधी लाल, कधी निळे, कधी दोन्ही मिळून होणाऱ्या रंगाचे असतात. शाळेतली मुलं मला रंग्या म्हणत. त्या वर्षी मामाने मला सूत पांढरं करण्याच्या हौदावर घातलं होतं. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात लडी बुडवायच्या, पिळायच्या आणि मग रंगाकडे न्यायच्या. पुढे सुताचा पुरवठा थांबला आणि कारखाना वीस दिवस बंद राहिला. मामा गावाकडे निघून गेला. वीस दिवसांत माझे हात धुऊन धुऊन आयुष्यात पहिल्यांदा स्वच्छ झाले आणि खाली पांढुरके चट्टे निघाले. पाच उजव्या हातावर, तीन डाव्यावर.

बुधवारी शाळेत नखं तपासत. हेडमास्तरांनी माझा हात बघितला आणि आपला हात पाठीमागे नेला. रांगेतली मुलं न सांगता बाजूला झाली. इतकी शिस्त त्या रांगेत एरवी कधी नसे. मला व्हरांड्यात बसवलं. मी ओरडून सांगितलं की हे पावडरचं आहे. पण ओरडताना माझीच खात्री नव्हती. हेडमास्तर म्हणाले, "डॉक्टरचा दाखला आण. तोवर वर्गात नको आणि परीक्षेच्या फॉर्मवर सही नाही." फॉर्मची शेवटची तारीख शनिवारची होती. दवाखान्यात चामडीचे डॉक्टर यायचे मंगळवारी. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग पुढच्या वर्षी बस." पुढच्या वर्षी मामा मला शाळेत ठेवणार नव्हता. हे हेडमास्तरांना माहीत नव्हतं आणि मला पक्कं माहीत होतं.

संध्याकाळी मी ओट्याशी गेलो. बातमी माझ्याआधी पोचली होती. लक्षम्माने सूप उचलून मांडी फिरवली. अक्का माझ्या हातांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "खाली पायरीवर बस. तितनं वाच."

"तितनं ऐकू येईल?"

"मोठ्यानं वाच."

भाकऱ्या मिळाल्या, पण केळीच्या पानावर, आणि पान तिने वरून सोडलं. माझी ताटली आत पालथी घातलेली मला दिसत होती. गुरुवारी तेच. शुक्रवारीही तेच. हेडमास्तरांचं मी समजू शकत होतो, ते परके होते. या बाईला मी दोन वर्षं शेकडो वीर वाचून दाखवले होते आणि ती त्या सगळ्यांना नावं ठेवत आली होती.

शुक्रवारी मी पुस्तक उघडलं तर अक्का म्हणाली, "ते नको. हे वाच." आणि फोटोमागचं पत्रक तिने पायरीवर टाकलं. मी वाचलं.

"परत."

परत वाचलं. चट्ट्याची जागा सुन्न होते, तिथे टोचलेलं कळत नाही, हे वाक्य आलं की ती हात वर करून थांबवायची आणि तेवढंच पुन्हा म्हणायला लावायची.

"अगं, किती येळा?" लक्षम्मा म्हणाली. "पाठ करून परीक्षेला बसतीस काय?"

मी पत्रक तिथेच टाकून उठलो. माझं डोकं इतकं तापलं होतं, की त्या वाक्याचा माझ्याशी काही संबंध आहे, हे माझ्या लक्षात आलं नाही. वाचणाऱ्याची ही जुनी खोड आहे.

शनिवार हा कारखान्यात विड्या द्यायचा दिवस. त्या दिवशी अक्का तापात असली तरी जायची. त्या शनिवारी मी व्हरांड्यात बसायला शाळेत गेलो, तर ती फाटकात उभी होती. हातात फडक्यात बांधलेली भाकरी, पत्रक आणि गोधडी शिवायची दाभण होती. मला पुढे घालून ती सरळ हेडमास्तरांच्या खोलीत शिरली.

"आपण याच्या कोण?" हेडमास्तरांनी विचारलं.

"ऐकणारी," अक्का म्हणाली.

त्यांना ते कळलं नाही. तिने पत्रक टेबलावर ठेवलं आणि मला सांगितलं, "डोळे मिट रा." मी मिटले. पुढच्या क्षणी उजव्या हातावरच्या सगळ्यात मोठ्या चट्ट्यात दाभण घुसली. मी कानडीतली सर्वांत वाईट शिवी दिली. तिने दुसरा चट्टा टोचला. मी तेलुगूतली दिली. ती मी तिच्याच गल्लीत शिकलो होतो.

"अरे! ही शाळा आहे!" हेडमास्तर उभे राहिले.

"कळतंय की त्याला," अक्का म्हणाली. "कागदात लिहिलंय, कळत नसतंय म्हणून. वाचा तुमी. हे पावडरचं हाय, रोगाचं न्हाई."

"बाई, हे डॉक्टरांनी ठरवायचं."

"मंगळवारी ठरवतील. सही आज पायजे."

"आणि मंगळवारी त्यांनी दुसरंच सांगितलं तर? शाळेत साडेतीनशे मुलं आहेत."

अक्काने फडकं सोडलं, भाकरी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मोड. मला भरव."

मी भाकरी मोडून तिला घास भरवला. तिने तो चावला. लिहिणाऱ्यांनी वीरांची जी वर्णनं केली आहेत, त्यांतलं काहीही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. कपाळावर घाम होता, मान आखडलेली होती आणि घास गिळताना तिने डोळे गच्च मिटले होते. ती भीत होती. कागदावर तिचा विश्वास होता, पण पुरता नव्हता. दुसऱ्या घासाला तिने स्वतःच तोंड उघडलं.

अर्धी भाकरी संपल्यावर हेडमास्तरांनी सही केली आणि फॉर्म पट्टीने माझ्याकडे सरकवला. मंगळवारी डॉक्टरांनी माझा हात हातात घेऊन बघितला, हे पावडरचंच म्हणाले, खोबरेल लावायला आणि हौदात हात न घालायला सांगितलं. मी खोबरेल लावलं.

परीक्षेत निबंध आला, 'शौर्य' या विषयावर. मी एका घोडेस्वारावर लिहिला. विडीवाल्या बाईवर लिहून गुण मिळाले नसते, हे मला कळत होतं. गुण चांगले मिळाले.

पास झाल्यावर मी टॉवेल आणि चादरी विकायला कुर्डुवाडीला जायचं ठरवलं. तिथे गाड्या बदलणारी माणसं तासन् तास फलाटावर बसलेली असतात आणि बसलेल्या माणसाला काहीही विकता येतं. निघायच्या दिवशी मी अक्काकडे गेलो. ओट्यावर नेहमीसारखा बसलो आणि जे मनात होतं ते काढलं.

"तीन दिवस मला पायरीवर बसवलंस. चुकलं म्हण."

तिने विडीचं तोंड नखाने दुमडलं. "दीड दिवस," ती म्हणाली.

"तीन! बुधवार, गुरुवार, शुक्रवार."

"बुधवारी भ्याले. बेस्तरवारी दुपारपतोर भ्याले. त्याचं चुकलं म्हणते. पुढं इचार करत होते. इचाराची माफी कशाला?"

"विचार करताना मला वर घ्यायला काय झालं होतं?"

"तुझं तोंड बघून दया आली असती. मग इचार झालं नसतं."

"मी शाळेत तुला भरवलं तेव्हा तू भीत होतीस. मी बघितलंय."

"व्हय. मग? भ्याले न्हाई म्हणणारी ती तुझ्या पुस्तकातली. जेवत न्हाईत, भीत न्हाईत, कसलीबी माणसं आणतोस."

लक्षम्मा हसली. मला हसू आलं नाही. "तीन," मी म्हणालो.

"दीड. घ्यायचं तर घे."

मी उठलो. गिऱ्हाईक उठून चालायला लागलं, की विकणारा चौथ्या पावलाला हाक मारतो, हा माझा पुढच्या सगळ्या आयुष्यातला अनुभव आहे. मी गल्लीच्या टोकापर्यंत सावकाश चाललो. अक्काने हाक मारली नाही.

दोन वर्षांनी माल न्यायला सोलापुरात आलो, तेव्हा ओट्यावर लक्षम्मा एकटीच होती. अक्का पावसाळ्याच्या आधी खोकल्याने गेली होती. कुर्डुवाडीहून सोलापूरला गाडीने दोन तास लागतात आणि ते मी दोन वर्षांत काढले नव्हते. मी रागात होतो.

"माझ्याबद्दल काही म्हणायची?" मी विचारलं.

"तू गेल्यावर कोण वाचणार? एक पुस्तक अर्धं राहिलंय म्हणायची."

"बाकी काही?"

"बाकी काय म्हणंल?"

आज माझी टॉवेलांची दोन दुकानं आहेत. भाव पाडण्यात माझा कोणी हात धरू शकत नाही आणि ठरलेल्या आकड्यावरून मी सहसा हलत नाही. पण त्या तीन दिवसांपुरता मी खाली यायला तयार आहे. दीड मान्य आहे. समोर कोणी बोलायला असतं, तर एकावरसुद्धा आलो असतो.