बांगड्यांचं झाड

आमच्या गल्लीतल्या बागेच्या भिंतीवर काहीतरी काढून द्या, असं मला सांगितलं गेलं. मी शाळेत चित्रकला शिकवते. हंस आणि कमळं रंगवून मला वीट आला होता. म्हणून घरोघरच्या फुटक्या बांगड्या गोळा करून भिंतीवर लिंबाचं झाड बसवायचं ठरवलं. बायका हौसेनं पिशव्या भरून घेऊन आल्या.

समोरच्या वहिनींचे यजमान ढोकीच्या साखर कारखान्यात होते, मागच्या वर्षी वारले. वहिनींनी रुमालातल्या हिरव्या काचा माझ्यापुढं धरल्या.

"ह्या दहाव्याला फोडलेल्या. टाकवल्या न्हाईत मला. चालतील का?"

न चालायला काय झालं, म्हणत मी त्या घमेल्यात ओतल्या आणि त्यांच्यासमोरच सगळं कालवलं.

झाड पुरं झालं आणि कुजबुज सुरू झाली. काचा निवडायला बसलेल्या कुणीतरी आमचं बोलणं ऐकलं होतं. लेकीसुना जिथं हळदीकुंकू करणार तिथं तसली काच नको, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. एक आजी तर झाडच खरवडा म्हणाल्या. मी खूप भांडले, पण पालथ्या घड्यावर पाणी. शिकल्यासवरल्या बायका खाली मान घालून बसल्या, त्यांचा मला जास्त संताप आला.

शेवटी आजींनी गवंडी बोलावला. तो छिन्नी काढतोय तोच वहिनी आल्या आणि त्यांनी खालच्या फांदीवर बोट ठेवलं.

"ह्या माझ्या. एवढ्याच काढा. झाडाला हात लावू नका."

त्या सगळ्या काही त्यांच्या नव्हत्या. त्यांच्या कुठल्या हे कुणालाच सांगता आलं नसतं, त्यांनाही नाही. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी नको म्हणून नुसती मान हलवली. गवंड्यानं फांदी उखडली. वहिनींनी चुऱ्यासकट सगळी काच पदरात वेचून घेतली, आणि आजींचं समाधान झालं.

संक्रांतीचं हळदीकुंकू त्या झाडाखालीच झालं. वहिनींच्या बांगड्या तिथंच वर कुठंतरी होत्या. वहिनींना मात्र बोलावणं नव्हतं. मी वाण घेऊन परतले तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. हातातलं वाण कुठं लपवावं मला कळेना.

"झाड दिसतंय का वो चांगलं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग झालं," म्हणाल्या आणि आत गेल्या.