मावशी रडली म्हणून

लग्नात, बारशात, कुठंही चार माणसं जमली की कुणीतरी मला कोपऱ्यात गाठतंच. "काय हो, हेलिकॉप्टर पडतं तेव्हा नेमकं कसं वाटतं?" हातात जिलेबीची प्लेट, तोंडात घास आणि प्रश्न हा! मी म्हणतो, काही वाटत न्हाई. मग त्यांचं तोंड एवढंसं होतं. त्यांना वाटतं, हा भाव खाऊन राहिला. पण खरंच सांगतो, त्या वेळी वाटून घ्यायला फुरसतच नसते. वाटायचं ते नंतर वाटतं, जमिनीवर आल्यावर, आणि तेही भलत्याच ठिकाणी.

फौजेत मी हेलिकॉप्टरच्या मागच्या भागात काम करायचो. उडवणारे दोघं पुढं बसत आणि मागं आम्ही दोघं, मी निलंग्याजवळचा आणि माझा दोस्त नायगावचा. सामान चढवायचं, उतरवायचं, जखमींना आत ओढून घ्यायचं, दारातून खाली वाकून पुढच्यांना जागा सांगायची. गावाकडं असतो तर नांदेडवाले आणि लातूरवाले म्हणून एकमेकांची खेचली असती. तिकडं एवढ्या लांब आम्ही एकाच गल्लीतले झालो. तो मला 'पाव्हणं' म्हणायचा. माझ्या मायचं आणि त्याच्या आईचं तोंड एकमेकींनी कधी बघितलं नव्हतं, पण टीव्हीवर सरहद्दीची बातमी लागली की दोघी आपापल्या घरी आवाज वाढवायच्या. दोन्ही पोरं धड परत यावीत, बाकी त्यांचं आमच्याकडं काही मागणं नव्हतं.

पहिल्यांदा आम्ही खाली आलो ते डोंगरात. एका चौकीवर रेशन टाकून परत निघालो होतो. मधेच एका इंजिनाचा आवाज बदलला आणि ते गप झालं. दुसरं चालू होतं, पण त्या उंचीवर हवाच पातळ, एकट्या इंजिनाला ते धूड झेपेना. पुढून आवाज आला, "धरून बसा." आम्ही धरून बसलो. खाली एक नाला होता, गोट्यांनी भरलेला. त्यात चाकं आपटली, एक मोडलं आणि सगळं एका अंगाला कलंडून थांबलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण समोरच्या डोंगरावर पलीकडच्या लोकांची चौकी होती, तेव्हा आत बसून राहायची सोय नव्हती. बाहेर पडून मोठ्या दगडांच्या आडोशाला पालथे पडलो. थोड्या वेळानं तिकडून गोळे यायला लागले. एक पडला, माती उडाली. दुसरा जरा जवळ पडला. दोस्तानं तोंडातली माती थुंकली आणि मला विचारलं, "पाव्हणं, चटणी वाचली का?"

मायनं दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा माझ्या पिशवीत होता, त्याची त्याला फिकीर. मी म्हटलं, "आरं मरून राहिलो आपण, आणि तुला चटणी सुचते?" तो म्हणाला, "मेल्यावर खाता येत न्हाई म्हणून तर विचारून राहिलो." आपली माणसं येऊन आम्हाला घेऊन गेली, तोवर तो डबा रिकामा झाला होता.

त्यानंतर मला सुट्टी मिळाली. घरी मी ह्यातलं अवाक्षर काढलं नाही. मायला सांगायचं म्हणजे जन्माचा घोर लावायचा. एक दिवस सकाळी अंगणात दाढी करत बसलो होतो. आरसा खिडकीला टेकवलेला. तेवढ्यात कुठून एक कावळा आला, थेट माझ्या डोक्यावर बसला, नखं रोवली आणि उडून गेला. मला हसू आलं. वळून बघतो तर माय चुलीपुढून उठून दारात उभी होती, हाताला पीठ तसंच.

आमच्याकडं कावळा डोक्यावर बसला की ते मरणाचं समजतात. त्यावर तोडही आहे. ज्याच्या डोक्यावर बसला तो मेला, अशी खोटी बातमी जवळच्या माणसाला धाडायची. ते माणूस मनापासून रडलं की अरिष्ट टळतं. मग खरं काय ते सांगून टाकायचं. माणूस मात्र खरं रडणारं पाहिजे, उगं तोंडदेखलं चालत नाही. मायनं क्षणाचाही विचार केला नाही. "देगलूरच्या मावशीला लाव फोन," ती थोरल्या भावाला म्हणाली. ही तिची धाकटी बहीण. मी म्हटलं, "माय, खामखा कशाला त्या म्हातारीला रडवतीस?" तर माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू गप बस. तू मेलास."

भावानं सांगितलं, हेलिकॉप्टर पडलं, गेला. तिकडून असा हंबरडा आला की त्यानं फोन कानापासून लांब धरला. माय शेजारी उभी राहून ऐकत होती, रडणं कितपत खरं आहे ते. मग तिनं मान हलवली. आता खरं सांगायला पुन्हा फोन लावला तर कुणी उचलेना. कसं उचलणार? मावशी फोन खाटेवर टाकून चार बायकांना घेऊन जीपमध्ये बसली होती.

दुपारी गल्लीच्या तोंडाशीच तिचा आवाज ऐकू आला. "आगं माय गं, माझं लेकरू!" मी भाकरी खात होतो. ताटावरून उठलो आणि दारात गेलो, हात तसाच खरकटा. मावशीनं मला बघितलं, जागच्या जागी थांबली, आणि मग पायातली चप्पल काढून मला दणादणा हाणली. हाणता हाणता रडत होती, रडता रडता हसत होती. बरोबर आलेल्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या. माय शांतपणे म्हणाली, "रडलीस ना मनापासून? मग झालं. टळलं." मावशी म्हणाली, "आक्का, हे लई वाईट केलंस तू." चहा मात्र प्यायली. दोन कप प्यायली.

युनिटमध्ये परत गेल्यावर हे सगळं मी दोस्ताला साग्रसंगीत सांगितलं. तो हसून हसून खाटेवरून खाली आला. त्याचं घर बौद्ध, वडील लहानपणीच गेलेले, आई शाळेत शिक्षिका होती, आता निवृत्त. नायगावात सगळे तिला बाई म्हणायचे. शकुन, नवस, उतारा असलं त्यांच्या घराच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नव्हतं. त्यानं लगेच आईला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि मला म्हणाला, "सांगा पाव्हणं, पहिल्यापासून सांगा."

मी सांगितलं. बाई आधी हसल्या, मग शाळेतला आवाज काढला. "अरे, त्या मावशीला बीपी असतं तर? कावळ्यानं न्हाई, तुम्हीच मारलं असतं एकीला." दोस्त म्हणाला, "आई, उद्या माझ्या डोक्यावर बसला तर तू कुणाला रडवशील?" बाई म्हणाल्या, "तुलाच दोन रट्टे देऊन रडवीन. आणि मला असली बातमी धाडायची न्हाई बरं का. मी रडणारी न्हाई, आधीच सांगून ठेवते." आम्ही दोघं हसलो. त्यांचं हसणंही ऐकू आलं. फोन ठेवताना त्यांनी मला विचारलं, डोक्याला जखम झाली असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस का.

दुसऱ्यांदा पडलो ते जंगलाच्या भागात. तिथं चकमक चालू होती आणि जखमी जवान बाहेर काढायचे होते. उतरलो, दोन स्ट्रेचर आत घेतले. मी डाव्या दाराशी बसलो, तो उजव्या. हेलिकॉप्टर उठलं आणि झाडांच्या शेंड्यांच्या वर आलं तोच झाडीतून गोळ्या आल्या. पत्र्यावर चिंचोके फेकल्यासारखा आवाज. त्यातली एखादी शेपटीकडच्या छोट्या पंख्याला लागली असणार. तो पंखा गेला की हेलिकॉप्टर स्वतःभोवती फिरायला लागतं, तसं ते फिरायला लागलं. पुढच्यांनी कसं सांभाळलं ते त्यांनाच माहीत, पण एका पडीक रानात त्यांनी ते आणून आपटलं. आपटलं आणि उजव्या कुशीवर झोपलं.

लोक विचारतात ना, कसं वाटतं? तर असं. मी वर होतो आणि तो खाली होता. डाव्या-उजव्याचा फरक, दुसरं काही नाही. सकाळी बसताना ती जागा कुणी ठरवून घेतली नव्हती.

तेलाचा वास सुटला होता. पेट घ्यायच्या आत सगळ्यांना बाहेर काढायचं होतं. माझा एक हात चालत नव्हता, तरी पुढचे दोघं आणि मी मिळून दोन्ही जखमी ओढून बाहेर काढले. ते दोघंही जगले, एकाचा अजून दिवाळीला फोन येतो. मग दोस्ताला काढलं. बांधाच्या आडोशाला त्याला निजवलं. त्याच्या अंगावर फारसं काही दिसत नव्हतं. डोळे मिटलेले. मी त्याच्या कानाशी वाकून विचारलं, "आरं, चटणी वाचली का?" पुन्हा विचारलं. मग पुढच्या साहेबांनी मला खांद्याला धरून बाजूला बसवलं.

त्या दिवशी मला रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हाताला प्लास्टर झालं. घरी फोन लावून दिला तेव्हा मायनं माझा आवाज ऐकला आणि पहिलं वाक्य हे म्हणाली, "बघ, मावशी रडली म्हणून वाचलास." मी फोन ठेवला. राग आला. इतका राग मला गोळी मारणाऱ्यांचाही आला नव्हता. आता माय नांदेडला माझ्याकडंच असते, विष्णुपुरी धरणाच्या बाजूला आमचं घर आहे. आल्यागेल्याला ती अजून तेच सांगते. मी तिथून उठतो आणि धरणाकडं चक्कर मारून येतो. तिला काही म्हणत नाही. तिचं पोरगं तिच्यापुढं बसलेलं आहे, तिच्याशी काय वाद घालणार?

दोस्ताला गावी न्यायचं ठरलं तेव्हा मी साहेबांना म्हटलं, मी बरोबर जाणार. नांदेडपर्यंत आलो. तिथं गाडीला फुलं बांधणं वगैरे चालू होतं, तेवढ्यात नायगावहून एक निरोप आला. बाईंचं काहीतरी बिनसलंय, त्या कुणाचं ऐकत न्हाईत. युनिटचा फोन त्यांना आदल्या दिवशीच गेला होता. तहसीलचा माणूसही घरी जाऊन सांगून आला होता. तेव्हा मी एक जीप घेतली आणि पुढं निघालो. वाटेत ड्रायव्हरनं गाणी लावली, मग माझ्याकडं बघून बंद केली.

गल्लीत माणसं जमली होती, पण घराच्या बाहेरच उभी. कुणी पायरी चढत नव्हतं. दारावर पंचशीलाचा झेंडा होता. बाई आत खुर्चीवर बसल्या होत्या, इस्त्रीची साडी, केस नीट विंचरलेले. मला दारात बघितलं आणि ताडकन उठल्या.

"आलास? लाज न्हाई वाटत का तुम्हा दोघांना?"

मी उंबऱ्याच्या आत आलो.

"मी काय तुझी मावशी आहे का? तिला रडवलंत ते रडवलंत. मी काय सांगितलं होतं? मला असली बातमी धाडायची न्हाई म्हणून सांगितलं होतं की न्हाई? काल फोनवर त्या साहेबांना मी म्हटलं, त्याला द्या फोन, तिथंच बाजूला उभा राहून ऐकत असंल. ते गप झाले. तहसीलचा तो बिचारा आला, त्याला मी चहा पाजून परत लावला. म्हटलं, ह्याच्या मित्राच्या गावची ही पद्धत आहे, मनावर घेऊ नका. टीव्हीवाले काय, त्यांना कुणीही काही सांगतं. सगळ्या गावाला कामाला लावलंत तुम्ही! कुठाय तो? मागच्या गाडीत लपून बसलाय ना?"

शाळेत गृहपाठ न करता गेल्यावर उभं राहावं तसा मी उभा होतो. काय बोलायचं ते निघताना साहेबांनी मला सांगितलं होतं, हिंदीत, नीट शब्द जुळवून. त्यातला एकही आठवेना.

त्या जवळ आल्या. माझ्या गळ्यात अडकवलेल्या हाताकडं बघितलं. "हे पण नाटकातलंच का?" असं म्हणून त्यांनी बोटं मुडपली आणि प्लास्टरवर टकटक केलं, दार वाजवावं तसं. ते खणखणीत होतं. त्यांनी पुन्हा एकदा वाजवलं, हळू. मग हात तिथंच राहू दिला.

मी म्हटलं, "आई, कावळा बसला नव्हता."

त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, अगदी हळू, मलाच ऐकू जाईल असं, "मी कालच रडायला पाहिजे होतं का रे? फोन आला तेव्हाच?"

"न्हाई आई. तसं काही नसतं."

"हाव," बाई म्हणाल्या. "तसं काही नसतं. मीच शिकवलंय पोरांना." मग माझा चांगला हात धरून त्या उंबऱ्यावर बसल्या, मीही बसलो, आणि त्यांनी विचारलं, "पण आता रडले तर, उशीर झाला का?"

फुलं बांधलेली गाडी गल्लीच्या तोंडाशी वळत होती.