सहावी खूण

माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर वेडंवाकडं, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर पाटी सुटली. वही कुणाला दाखवायची नाही, तरी मागावीशी वाटली.

आम्ही शिरूरला राहायचो. हे लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे. सीझनची उचल दिवाळीतच घेतली होती, त्या पैशांत घरावर पत्रे टाकले. मग हे मोटरसायकलवरून पडले, पुढचे दोन दात गेले. दात नसले की कॉर्नेटात फुंक धरत नाही. बँडमालकांनी कॉर्नेट काखोटीला मारून नेलं. "उचल फिटली की न्या." ते ह्यांच्या वडिलांचं होतं.

बँडचा कॅसिओवाला त्याच सुमाराला सोडून गेला. कॅसिओचं पट्टी बदलायचं बटण मोडलेलं, त्यामुळे गायक जिथून सा धरेल तिथून बोटांनीच वाजवावं लागे. मला माहेरच्या भजनातली पेटी यायची, पण एकाच पट्टीत, पांढरी एक, म्हणजे पहिल्या पांढरीला सा धरून. ह्यांनीच मालकांकडे विषय काढला, हिला घ्या, हिच्या मजुरीतून उचल कापा.

"बाईमाणूस? हसतील लोकं."

"हसू द्या की. लग्नात कोण रडायला येतंय?"

"सगळ्या पट्ट्या आल्या तर उभी करतो. चुकली तर तिथंच उतरवणार."

हातात महिना होता. दौंडला रेल्वेतून रिटायर झालेले एक आबा इंग्रजी पद्धतीचं वाजवायला शिकवायचे. दर मंगळवारी मी एसटीने त्यांच्याकडे जायचे. त्यांनी पाच ओळी ओढल्या आणि सुरुवातीला खुणा काढल्या. "ह्या दारातल्या चपला. मोजल्या की आत काळ्या किती ते कळतं." पांढरी एकला खूण नाही. तिथल्या प ला सा केलं की एक खूण, पुन्हा तसंच केलं की दोन.

घरी पेटी नव्हती. भाकरी झाल्यावर कोळशाने पाटावर काळ्या-पांढऱ्या आखून बोटं फिरवायची. आबांना सांगितलं तर हसले. "पाट चुकला तरी भांडत न्हाई, पोरी. कॅसिओ चारचौघांत भांडंल."

काळी तीनला अडले. खुणा सहा आणि काळ्या तर पाचच.

"आबा, सहावी चप्पल कुणाची?"

"पांढरीची. ती शेजारच्या पांढरीवर जाऊन बसती. तिसरी सोड, चौथी धर."

पटलं नाही, नुसतं पाठ केलं.

पहिली सुपारी भांडगावची. गाड्यावर कॅसिओ, मागे मी, डोक्यावर पदर. पांढरी पाच ठरली होती. गायकाचा घसा बसला होता. सुरू करता करता तो वळला. "वैनी, अर्धी खाली घ्या. काळी तीन."

मी बोटं काळी तीनवर नेली. सा पासून ध पर्यंत नीट गेलं. नी आला आणि बोट तिसऱ्या पांढरीवर पडलं. गायकाने मान वळवली. मालक ढोलापासून गाड्याकडे निघाले. कॉर्नेट गेलं, एवढंच मनात आलं. मग दारातल्या सहा चपला आठवल्या. पुढच्या फेरीला चौथी दाबली. सूर बसला. मालक गाड्याला हात लावून गाणं संपेपर्यंत उभे राहिले. मी वर पाहिलंच नाही.

नंतरही चुकले, पण उतरवलं नाही. सीझनच्या शेवटच्या लग्नानंतर मालकांनी कॉर्नेट माझ्यासमोर ठेवलं.

"वैनी, उचल फिटली. सगळी."