येलदरीच्या काठची मरीना

नवऱ्यानं बोट घेतली तेव्हा संघप्रियाबाईंनी एकच गोष्ट विचारली, "जायचं कुठं?"

"कुठं म्हंजे? पाण्यात फिरायचं."

"फिरून?"

"परत काठाला यायचं."

"मग काठालाच बसा की. शेवटी तिथंच तर यायचंय."

नवरा म्हणजे बुद्धभूषण भालेराव. पूर्णा जंक्शनला त्यांनी सारी नोकरी रेल्वेचं इंजिन चालवण्यात काढली होती. इंजिनाला स्टेअरिंग नसतं. रूळ नेतील तिकडं जायचं. निवृत्त झाल्यावर त्यांना मनाला येईल तिकडं वळायची हौस आली. हैद्राबादकडची कुणाची तरी जुनी फायबरची बोट, मागं पेट्रोलची मोटर, वर निळी ताडपत्री. ती त्यांनी जिंतूरच्या पुढं येलदरी धरणाच्या काठाला आणून बांधली आणि दर रविवारी सकाळी बायकोला गाडीत घालून तिकडं न्यायला लागले.

संघप्रियाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. खोटं बोलणाऱ्या पोराला त्या एक वेळ माफ करत, पण खोटं हसणारं मोठं माणूस दिसलं की त्यांचं डोकं उठे. येलदरीच्या काठाला त्यांना सारा उन्हाळा असलीच माणसं बघावी लागली.

तिथं आणखी पाच-सहा बोटी होत्या. सिमेंटचा एक ओटा, त्याला बांधलेले ट्रकचे जुने टायर, मागं पत्र्याची शेड. परभणीचा दातांचा डॉक्टर योगीराज दुबईला जाऊन तिथला श्रीमंतांच्या बोटींचा धक्का बघून आला होता, तेव्हापासून या ओट्याला तो 'मरीना' म्हणे. मग सगळेच म्हणायला लागले. "उद्या मरीनाला भेटू," असं जिंतूरचे बियाणेवाले दिनकरराव फोनवर सांगत, तेव्हा त्यांच्या दुकानातली गिऱ्हाइकं गप होऊन ऐकत, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे.

बोटी चालायच्या सकाळी थोडा वेळ. एक चक्कर, फार तर दोन. मग ऊन चढलं की सगळ्या बोटी एकमेकींना दोरीनं बांधायच्या, मधे फळ्या टाकायच्या आणि या बोटीतून त्या बोटीत जाऊन बसायचं. कुणाची मोटर किती ताकदीची, कुणाची गादी कुठून शिवली, कोण गोव्याला जाऊन खऱ्या बोटीत बसून आलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. योगीराज डोक्यावर कप्तानाची पांढरी टोपी घालायचा. त्याला पोहता येत नव्हतं, त्यामुळं टोपीखाली नारंगी लाइफ जॅकेट कायम गळ्यापर्यंत आवळलेलं. जेवण झालं की कागदी पेले, बाटल्या, हाडकं सगळं पाण्यात. परत जाताना दिनकरराव हात जोडून पाण्याला नमस्कार करत.

"हे पाणी जिंतूरच्या नळाला जातं ना?" संघप्रियाबाईंनी एकदा विचारलं.

"जातं की," दिनकरराव म्हणाले. "पण आमी घरी फिल्टर बसवलाय."

त्या रविवारी गाडीत बसल्यावर संघप्रियाबाई म्हणाल्या, "असल्या माणसांत तुमी काय बघायलाव, मला कळंना."

"चांगले लोक हायत. मान देतात."

मान देत होते, हे खरं. भालेराव आले की "या साहेब, या," म्हणून जागा करून देत. भालेराव हे आडनाव बऱ्याच जातींत असतं. दिनकररावांनी कुणाला न विचारता ते आपल्या सोयीचं धरून टाकलं होतं. बोटीवर त्यांना सगळे आडनावानंच हाक मारत आणि बाईंना 'वहिनी' म्हणत, त्यामुळं बुद्धभूषण आणि संघप्रिया ही नावं कुणाच्या कानावर गेलीच नव्हती. एकदा दिनकररावांच्या बायकोनं, पार्वतीबाईंनी, संघप्रियाबाईंना विचारलं, "तुमचं कुळदैवत कोणतं हो?"

संघप्रियाबाई तोंड उघडणार, तेवढ्यात पलीकडच्या बोटीतून भालेराव मोठ्यानं हसले. "आमी रेल्वेवाले, वहिनी. आमचं सगळं जंक्शन!"

सगळे हसले. संघप्रियाबाई हसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडं नुसतं बघितलं. भालेराव मोटरशी काहीतरी करत बसले. मोटर बंदच होती.

मे महिन्यातल्या एका रविवारी पूर्णेहून एक टेम्पो धरण बघायला आला. त्यातून सितारामभाऊ उतरले. ते रेल्वेत गार्ड होते; भालेरावांच्या गाडीच्या मागच्या डब्यात त्यांनी कित्येक वर्षं काढली होती, आणि दोघं एकाच कॉलनीतले. सोबत त्यांच्या बायको सुलाबाई, सुना, नातवंडं. ओट्यावर भालेराव दिसले तसे ते लांबूनच हात उंचावून, गार्डाच्या सवयीनं भरपूर आवाजात म्हणाले, "जयभीम, भालेराव साहेब!"

दिनकररावांच्या हातात भजं होतं, ते हातातच राहिलं.

भालेराव उठले. मान थोडी हलवून म्हणाले, "हां... नमस्कार, नमस्कार."

सितारामभाऊंचा हात वरच राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि खिशातून रुमाल काढून उगाच तोंड पुसलं.

संघप्रियाबाई शेडमधून उठल्या आणि पायऱ्या चढून वर टेम्पोपाशी गेल्या. "जयभीम, सितारामभाऊ. जयभीम, सुलाताई." शाळेच्या मैदानात शेवटच्या रांगेला ऐकू जावं तसा त्यांचा आवाज होता. "आलाव तर चला, बोटीत बसा. साहेब फिरवून आणतात." मग नवऱ्याकडं वळून त्या म्हणाल्या, "काढा बोट."

भालेरावांनी बोट काढली. लांब, पार मधल्या पाण्यापर्यंत ते गेले. पोरं ओरडत होती. सुलाबाईंनी पदर खोचून पाण्यात हात घातला आणि लहान मुलीसारख्या हसल्या. सितारामभाऊ पुढच्या टोकाला, सगळ्यांकडं पाठ करून बसले होते. सारा वेळ त्यांनी मागं वळून बघितलं नाही. भालेरावांना त्यांची नुसती पाठ दिसत होती, आणि भालेरावांची पाठ संघप्रियाबाईंना. त्या पाठीची त्यांना इतकी चीड आली की त्यांनी तोंड फिरवून पाण्याकडं केलं.

टेम्पो गेल्यावर जेवणं मांडली गेली. पार्वतीबाईंनी सगळ्यांना नेहमीच्या स्टीलच्या ताटल्या दिल्या. भालेराव नवरा-बायकोच्या पुढं दोन पत्रावळी आल्या. "ताटल्या कमी पडल्या बाई," त्या म्हणाल्या. मागं पिशवीत ताटल्यांचा ढीग दिसत होता. संघप्रियाबाईंच्या हिरव्या मिरचीच्या ठेच्यावर मागच्या रविवारपर्यंत याच बाईंनी तीन-तीनदा हात मारला होता. आज ठेच्याचा डबा सगळ्यांच्या पुढून फिरला आणि झाकणासकट परत आला.

दिनकररावांना राहवेना. ते म्हणाले, "भालेराव साहेब, आमी असलं काही मानत न्हाई बरं का."

"काय मानत न्हाई?" संघप्रियाबाईंनी विचारलं.

"म्हंजे... हेच आपलं."

"हेच म्हंजे काय? बोला की. इथं काय कुणी परकं हाय का?"

दिनकरराव भाकरी चावत राहिले. संघप्रियाबाई योगीराजकडं वळल्या. "डॉक्टर, तुमी सांगा. हे काय मानत न्हाईत?"

योगीराजनं काळा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पाण्याकडं बघत म्हणाला, "आज वारा लय सुटलाय."

पानही हलत नव्हतं. संघप्रियाबाईंनी डब्याचं झाकण काढलं, ठेचा आपल्या पत्रावळीवर घेतला आणि शांतपणे पोटभर जेवल्या. त्यांचं जेवण होईपर्यंत कुणाला उठता आलं नाही. पत्रावळ त्यांनी पाण्यात टाकली नाही. घडी घालून पिशवीत ठेवली.

परत येताना वाटेत बोरी गावाला चहासाठी गाडी थांबली. भालेराव कप हातात धरून म्हणाले, "चुकलं माझं."

"चुकलं न्हाई. केलंत तुमी," संघप्रियाबाई म्हणाल्या. "मला एवढंच सांगा, ते लोक आवडत होते का तुमाला?"

"न्हाई. लय कंटाळवाणे हायत. तो डॉक्टर तर दर रविवारी तीच दुबई सांगतो."

"मग?"

"आयुष्यभर इंजिनात बसलो. स्टेशनावर शेकडो माणसं, पण इंजिनाकडं कुणी बघत न्हाई. इथं आल्यावर लोक उठून जागा करून द्यायले, तर बरं वाटलं."

"आणि त्या जागेसाठी तुमी सितारामभाऊंचा हात तसाच वर ठेवलात."

भालेरावांनी चहा सांडला की ओतून दिला ते कळलं नाही. संघप्रियाबाईंना त्यांची कीव आली, पण ती त्यांनी दाखवली नाही. त्या लोकांना नुसतं तुच्छ समजून भागत होतं. या माणसाबरोबर घरी जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी भालेराव सितारामभाऊंच्या घरी गेले. दारातूनच "जयभीम" म्हणाले. आतून "जयभीम, या" असं उत्तर आलं. चहा झाला. पेन्शनवाढीचं बोलणं झालं, सितारामभाऊंच्या गुडघ्यांचं झालं. माफीचा विषय भालेरावांनी काढला, तेव्हा सितारामभाऊ म्हणाले, "जाऊ द्या साहेब," आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

बोट भालेरावांनी ओट्यावरून सोडली आणि पलीकडं, मासेमारीच्या होड्या लागतात त्या काठाला नेऊन बांधली. तिथं ना शेड होती, ना फळ्या. दिनकररावांचा दोनदा फोन आला, "या की साहेब, तुमच्याशिवाय मजा न्हाई." संघप्रियाबाईंनी तो घेतला आणि सांगितलं, "साहेब पाण्यात हायत." पुढच्या उन्हाळ्यात ओट्यावरची सावलीची जागा कुणाच्या बोटीची, यावरून योगीराज आणि दिनकरराव एकमेकांवर धावून गेले. टोपी पाण्यात पडली. मरीना मोडली. संघप्रियाबाईंना हे कळलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. "एवढे दिवस टिकली हेच लय," म्हणाल्या.

आता उन्हाळ्यात पूर्णेच्या कॉलनीतली माणसं पाळीपाळीनं बोटीत जातात. सुलाबाई दर वर्षी सुनांना घेऊन येतात आणि अजून पाण्यात हात घालून हसतात. संघप्रियाबाई स्टेअरिंग धरायला शिकल्या आहेत, पण पाण्यात गोल फिरून यायला शहाणं माणूस एवढं पेट्रोल जाळत नाही, हे त्यांचं मत कायम आहे.

सितारामभाऊ आलेले नाहीत. भालेराव दर उन्हाळ्यात जाऊन विचारतात, आणि दर उन्हाळ्यात सितारामभाऊंचे गुडघे दुखतात.