ममलूकाचा मुलगा

“डॉक्टर, त्या सुलतानांना आधी बाजारातून विकत आणलं होतं, ठाऊक ना?” रक्तदाबाचा पट्टा दंडावर चढला की चाचांचं हे वाक्य ठरलेलं. पट्टा आवळत जाई, तसा इतिहास पुढे सरके.

चाचा दापोलीकडचे. सौदीतल्या रास अल खैरच्या एका कारखान्यात परांच्या बांधणाऱ्यांचे फोरमन, आणि मी तिथल्याच कामगार कॅम्पच्या दवाखान्यात. हेल्परचा फोरमन झालेल्या माणसाला इजिप्तच्या ममलूक सुलतानांचं वेड का लागावं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. दूरदूरच्या मुलखांतून आणलेली गुलाम पोरं घोड्यावर बसायला शिकली, फौजेत चढली आणि पुढे कैरोच्या गादीवर बसली. मक्का-मदिनेवरही त्यांचीच हुकमत. पण बापाची जागा मुलाला मिळत नसे. दर पिढीला नवे गुलाम आणायचे.

“बाप राबला, मुलगा सुटला. काय सिस्टिम!”

“कित्येक सुलतानांनी मुलाला गादीवर बसवलंच होतं, चाचा.”

“मग? टिकली?”

बहुतेकांची टिकली नव्हती. राजेरजवाड्यांच्या थाटाचं मला कौतुक नाही. चाचांना होतं. फोरमनचं पांढरं हेल्मेट ते रुमालाने पुसून मांडीवर घेऊन बसत. ते डोक्यावर असलं की जेवायला कुणी शेजारी बसत नसे.

कॅम्पचा एक रिवाज होता. कायमचा परतणारा माणूस आपल्या जागी घरचा कुणीतरी चिकटवून जाई. चाचांची परतायची वेळ आली आणि गावाहून मुलाचे फोन सुरू झाले. एक तर दवाखान्यातच आला; चाचांनी तो स्पीकरवर घेतला.

“अब्बा, सगळे आपल्या पोरांना नेतात. मीच काय सावत्र?”

“तू इथे नको.”

“तुम्ही राहिलात ना जन्मभर?”

“म्हणूनच.”

फोन तुटला. “आता बघा डॉक्टर, प्रेशर केवढं चढलं असेल!” मी पाहिलं. नॉर्मल होतं. त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

चाचांनी आपल्या जागी बिहारच्या एका अनोळखी पोराचं नाव दिलं. तोही कुणाचा तरी मुलगाच, हे मी बोललो नाही.

ते घरी पोचले त्याच आठवड्यात मुलगा एजंटकडून व्हिसा काढून जेद्दाला निघून आला. तिथल्या अल अझीझिया भागात मोबाइलच्या दुकानात लागला. हे मला चाचांनीच फोनवर सांगितलं. ममलूकांचा विषय निघाला नाही.

“डॉक्टर, जेद्दात उकडतं का हो फार?”

“दमट असतं,” मी म्हणालो.

त्यांनी फोन ठेवला नाही. पलीकडून कितीतरी वेळ अंगणातल्या कोंबड्यांचा आवाज येत राहिला.