चुरगळलेली गल्ली

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या टपरीत ती कपड्यांना इस्त्री करायची, म्हणून तिचं नाव पडलं ‘कडक’. कपडे कडक, जीभ त्याहून. सातवा महिना लागला तरी इस्त्री सुटत नव्हती. वर पत्रा तापलेला, पुढ्यात इस्त्री, आणि यंदाचा उन्हाळा निर्लज्ज पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून बसलेला.

"घोटभर पाणी तरी पी गं," सासूबाई कळवळायच्या.

"प्यायलं की सारखं जावं लागतं, आई. घर त्या टोकाला. मी जाऊन येईपर्यंत मुख्याध्यापकांची पँट जळायची!"

दिवसभर लोकांच्या कपड्यांवर पाणी शिंपडणार, पण स्वतःचा घसा कोरडा. इस्त्रीवालीला कसली आलीय झळ, हा तिचा तोरा.

एका दुपारी कॉलर दाबता दाबता तिचा हात थांबला. इस्त्री आपटली की आतून लाथ मारणारं पोर सकाळपासून गप्प होतं. तिने पोटावर हळूच थापटलं. "ए बाळा, रुसलास का?" काहीच नाही. कडकने इस्त्री बाजूला ठेवून सासूबाईंना हाक मारली.

सासूबाईंनी तिला रिक्षात घालून दवाखाना गाठला. नर्सने पोटावर यंत्र फिरवलं. टपटप, टपटप! ठोके होते.

"बाळ आहे गं ठणठणीत, पण तुझ्या अंगात पाणी कुठंय?" नर्स कडाडली. "अशा उकाड्यात बाळं वेळेआधी येतात, काही हातची जातात. दुपारी टपरी बंद. आणि हालचाल मंदावली की लगेच इथे यायचं, समजलं?"

सलाईन अर्धी संपली आणि आतून सणसणीत लाथ बसली. कडक हसता हसता रडली.

दुसऱ्या दिवसापासून ऊन तापायच्या आत होतील तेवढेच कपडे. मुख्याध्यापक पँट घेऊन तणतणत आले. "शाळेत असा जाऊ?"

"सर, मुलं तुम्हाला घाबरतात की पँटला?"

सरांनी पँट तशीच काखेला मारली. उलट टपरीला लागून असलेल्या आपल्या घराच्या न्हाणीघराची किल्लीच देऊन गेले. "पाणी पी, आणि जा हवं तेव्हा!" मग काय, सरांचं पाहून अख्खी गल्ली बिनइस्त्रीची, चुरगळलेली. बाजारात कुणी हसलं, की आमची माणसं छाती आणखी पुढे काढायची.

भर उन्हाळ्यातच, पण पुरे दिवस भरून, मुलगी झाली. गुबगुबीत, आणि आवाज आईचाच. गल्ली लोटली.

"शी! या अवतारात माझ्या लेकीला बघायला आलात?" कडक पलंगावरून ओरडली.

"तिच्यासाठीच चुरगळलोय," म्हणत सरांनी पोरीला उचललं. तिने त्यांचा शर्ट मनसोक्त भिजवला.

सासूबाई खुदकन हसल्या. "आईवर गेलीय. इस्त्रीआधी शिंपडायला नको का?"