तालमीतली माती

बापू खाडे गेल्याचं सांगायला त्याची थोरली बहीण, आक्का, स्वतः माझ्या दुकानात आली. मी एका रॅकेटला नवी तार ओढत होतो. ओढायला घेतलेली तार मध्येच सोडता येत नाही. मी ती पुरी केली, गाठ मारली आणि मगच रडलो. बापूला हे पटलं असतं... खेळ अर्धा टाकणाऱ्याचा त्याला भारी राग.

त्याचे वडील नावाजलेले पैलवान. पोरानं लंगोट कसावा म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं, आणि हा पठ्ठ्या पांढरी चड्डी घालून टेनिस खेळायला लागला! पण कुस्ती अंगातून थोडीच जाते? सर्व्हिस टाकली की वाकून असा जाळीवर धावायचा, की समोरच्याला वाटावं, हा आता आपला पाय धरणार. मागं राहून लांबलांब फटके मारत बसणं त्याला जमलंच नाही, आणि त्याचं त्याला काही वाटलंही नाही. वडील एकदाच सामना बघायला आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "यासीन, ह्यो तर पट काढतोय की रं!" बापू त्या दिवशी हवेतच होता.

त्याच्या तळव्यांना घाम फार. कलकत्त्याच्या स्पर्धेत तो अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. जिंकला तर परदेश दौऱ्याच्या संघात जागा नक्की होती. मी सोबत गेलो होतो. निघताना तालमीतली तांबडी माती फडक्यात बांधून घेतली होती, ती त्याला दिली. "पैलवान लावत्यात, तू बी लाव. मूठ घट्ट बसंल." काय माझं शहाणपण! त्या मातीत तेल, ताक आणि हळद मुरवलेली असते, हे कोल्हापुरात कुणालाही विचारा. शेवटच्या सेटमध्ये त्यानं ती हाताला चोळली, आणि मोक्याच्या गुणाला रॅकेट हातातून निसटून थेट जाळीत गेली. सामना गेला, दौराही गेला.

परतीच्या गाडीत मी म्हणालो, "बापू, माझ्यामुळं झालं."

"गप की. रॅकेट माझ्या हातातनं सुटली. तुझ्या न्हाय."

पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. पुढं व्यावसायिक झाला, दहा-बारा वर्षं गावोगाव खेळला, वयानं निम्म्या पोरांना दमवलं. तारा मात्र माझ्याच हातच्या. कोर्टावर उतरताना त्याच्या कपाळावर तांबडा ठिपका असायचा. मला वाटायचं, अंबाबाईचं कुंकू.

काल आक्का पुन्हा आली, त्याची खेळायची पिशवी घेऊन. बाजूच्या कप्प्यात माझंच फडकं होतं, विटलेलं, तेलकट. "खेळायच्या आधी ह्यातलीच माती बोटानं कपाळाला लावायचा," ती म्हणाली. "यासीननं दिल्याली हाय, म्हणायचा."

एवढी वर्षं मी समजत होतो, की ती माती त्यानं कलकत्त्यातच फेकली असेल. फडकं उघडलं. हळदीचा वास अजून होता. चिमूटभर कपाळाला लावली... आणि हात पुसून पुन्हा तार ओढायला बसलो.